पितृऋण आणि पिळलेले पाणी

माणूस ऋणको म्हणूनच जन्माला येतो, ही भारतीय धर्मविचारातील फार जुनी कल्पना आहे. तैत्तिरीय संहितेने जन्मणाऱ्या ब्राह्मणावर तीन ऋणे सांगितली असून त्यांपैकी ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजेने, म्हणजे संतती निर्माण करून, फेडावयाचे असते. मुळात एका वर्णापुरते केलेले हे विधान पुढे स्मृती, पुराणे आणि कीर्तने यांच्या वाटेने समाजाच्या इतर थरांत उतरले आणि पोटी मूल नसणे हे केवळ दुःख न राहता ते एक थकलेले देणे ठरले. ज्या समाजात जन्म कमी होत चालले आहेत आणि वृद्ध वाढत चालले आहेत, त्या समाजात या ऋणाचे काय होते, ते बुडते, माफ होते, की दुसऱ्याच कोणाच्या नावावर चढते, हा प्रश्न लोकसंख्याशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे. मात्र तो आज उभा केला आहे तो त्याच शास्त्राच्या आकड्यांनी.

एका स्त्रीला तिच्या प्रजननक्षम वयात सरासरी किती मुले होतील, हे सांगणाऱ्या आकड्याला एकूण जननदर म्हणतात, आणि एका पिढीची जागा पुढच्या पिढीने पुरेपूर भरून काढावी यासाठी तो साधारण 2.1 असावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 1992-93 मधील पहिल्या फेरीत महाराष्ट्राचा हा दर 2.9 होता, 2019-21 मधील पाचव्या फेरीत तो 1.7 वर आला, तर देशाचा 2.0 वर. याच काळात आयुर्मान वाढत गेले, आणि 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण 9.9 टक्के, म्हणजे जवळजवळ दर दहा माणसांत एक, इतके भरले. समाज म्हातारा होतो तो या दोन कारणांनी: खालून येणारे कमी होतात आणि वर गेलेले अधिक काळ राहतात. यांतील दुसरे कारण हे मानवी प्रयत्नाचे यश आहे आणि पहिलेही बऱ्याच अंशी तसेच आहे, हे विसरून या विषयाची चर्चा केली की ती लगेच विलापाचे रूप घेते.

हा प्रश्न समोरासमोर पाहण्यासाठी मुंबईतील भोईवाड्याइतकी बोलकी जागा क्वचितच सापडेल. या नावाच्या दोन वस्त्या शहरात आहेत, एक भुलेश्वराजवळची आणि दुसरी परळची. भोई म्हणजे पालखी वाहणारा, आणि वाडा म्हणजे त्यांची वस्ती, असा नावाचा सरळ अर्थ आहे. परळच्या भोईवाड्याभोवती माणसाच्या जन्ममरणाच्या संस्था जितक्या दाटीने उभ्या आहेत तितक्या त्या क्वचितच कुठे असतील. गिरणी कामगारांच्या बायकांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत म्हणून वाडिया कुटुंबाने उभारलेले नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि के. ई. एम. रुग्णालय ही दोन्ही 1926 सालची, आणि टाटा स्मारक रुग्णालय 1941 चे. गर्भनिरोधक साधनांच्या चाचणीच्या कामातून वाढत गेलेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थाही परळमध्येच आहे, आणि याच संस्थेच्या व के. ई. एम.च्या संयुक्त प्रयत्नांतून 6 ऑगस्ट 1986 रोजी प्रयोगशाळेत गर्भधारणा झालेले मूल जन्माला आले. मूल होऊ नये यासाठीचे आणि मूल व्हावे यासाठीचे संशोधन एकाच परिसरात, एकाच संस्थेत चालावे, यात विसंगती नाही. अपत्यजन्म हा दैवाधीन प्रसंग न राहता मनुष्याच्या निर्णयाचा विषय झाला, या एकाच स्थित्यंतराच्या त्या दोन बाजू आहेत. ते स्थित्यंतर घडवणाऱ्या पहिल्या माणसांपैकी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये याच शहरात संततिनियमन केंद्र काढले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक मरेपर्यंत चालवले. आणि या साऱ्या संस्थांपासून हाकेच्या अंतरावर भोईवाड्याची स्मशानभूमी आहे.

परळ-भोईवाडा ज्यात येतो त्या गिरणगावाला, म्हणजे गिरण्यांच्या मुंबईला, मात्र म्हातारपण फार काळ ठाऊक नव्हते. कोकणातून आणि घाटावरून आलेला तरुण गिरणीत लागे, गावकीच्या खोलीत किंवा गाळ्यात इतरांबरोबर राही, आणि नोकरी संपली की गावी परते. त्याची पत्नी, त्याची मुले आणि पुढे त्याचे वार्धक्य हे सारे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घराने सांभाळलेले असे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर शहराने श्रम वापरले आणि श्रमिकाच्या बालपणाचा व म्हातारपणाचा खर्च गावावर टाकला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर हे चक्र मोडले. ज्यांची मुले शहरात वाढली ते शहरातच राहिले, आणि जे गावी गेले त्यांच्यामागे गाव उरले नव्हते. 2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, आणि त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याचीही ती 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर आली. या घटीचे एक मोठे कारण उपनगरांकडे झालेले स्थलांतर हे आहे, केवळ कमी जन्म हे नव्हे; तथापि वृद्धांच्या दृष्टीने परिणाम एकच होतो. मुलगा जन्मलाच नाही काय किंवा तो विरारला, बंगळुरूला अथवा न्यू जर्सीला राहतो काय, रात्री दोन वाजता जिना उतरवून नेणारे हात दोन्ही घरांत सारखेच नसतात.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘पितृऋण’ या एका शब्दात लोकव्यवहाराने तीन निरनिराळ्या गोष्टी गुंफल्या आहेत. पहिली सातत्य, म्हणजे वंश पुढे चालणे. दुसरी स्मरण, म्हणजे मृतासाठी अग्नी, पिंड आणि तर्पण देणारा कोणी मागे असणे. तिसरी सेवा, म्हणजे जिवंतपणी वृद्धाची काळजी घेतली जाणे. ग्रंथांत या तिन्ही वेगळ्या होत्या. पितरांचे ऋण संतती निर्माण करून फेडावयाचे याचा अर्थ मागच्या पिढीकडून मिळालेले पुढच्या पिढीला द्यायचे. त्यात म्हाताऱ्या बापाच्या औषधपाण्याचा संबंध नाही, तो मातापित्यांना देवासमान मानण्याच्या तैत्तिरीय उपनिषदातील स्वतंत्र उपदेशात आहे. घरात चार-पाच मुले असत तेव्हा तिन्ही कामे एकाच कुटुंबात होऊन जात आणि भेद करण्याची गरज पडत नसे. म्हातारपणाची काठी, कुळाचा दिवा आणि पिंडाचा अधिकारी हे तिघे एकच. जननदर घटल्याने ही गुंफण सुटली आहे, आणि ती सुटल्यामुळेच प्रत्येक धाग्याचे बळ निरखता येते.

सातत्याच्या धाग्याविषयी परंपरेइतके स्पष्ट चित्र आधुनिक लोकसंख्याशास्त्रालाही काढता आलेले नाही. महाभारताच्या आदिपर्वात जरत्कारू नावाच्या तपस्व्याला एका खड्ड्यात डोके खाली करून लोंबकळणारे काही जण दिसतात. त्यांनी वाळ्याच्या एका जुडीला धरलेले असते, तिची मुळे एक उंदीर कुरतडत असतो आणि एकच तंतू शिल्लक असतो. ते जरत्कारूचेच पूर्वज, उरलेला तंतू तो स्वतः, आणि उंदीर म्हणजे काळ. ही कथा एकुलत्या अपत्यावर लटकलेल्या सर्व कुटुंबांची आहे. विशेष म्हणजे तिच्यात भीती पूर्वजांची आहे आणि भार मात्र जिवंत माणसावर आहे. वनपर्वातील अगस्त्याची कथा अशाच खड्ड्यापासून सुरू होते, परंतु तिच्यात निर्णय लोपामुद्रेकडे येतो. हजार पुत्र हवेत, दहांच्या तोडीचे शंभर हवेत, शंभरांच्या तोडीचे दहा हवेत, की हजारांच्या तोडीचा एक, असे अगस्त्य विचारतो आणि ती एक मागते. संख्येचा आग्रह पितरांचा होता. ज्या देहातून संतती यायची त्या देहाच्या धनिणीने संख्या नाकारली आणि परंपरेने तिचे उत्तर धर्माविरुद्ध मानले नाही.

सातत्याचा धागा खरोखर विरळ होत गेलेला समाज भोईवाड्यापासून लांब नाही. दादर पारसी कॉलनी तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जरथुष्ट्राच्या धर्माला ब्रह्मचर्याचे कौतुक नाही. विवाह आणि संतती यांना तो पुण्यकर्म मानतो. तरीही भारतातील पारशांची संख्या 2001 मधील 69,601 वरून 2011 मध्ये 57,264 वर आली आणि 2013 मध्ये केंद्र सरकारला ही घट थांबवण्यासाठी ‘जियो पारसी’ ही योजना आणावी लागली. उशिरा होणारे किंवा न होणारे विवाह, स्थलांतर आणि पारशेतर पुरुषाशी लग्न केलेल्या स्त्रीच्या मुलांना समाजात न घेण्याची रूढी ही त्याची कारणे सांगितली जातात. ज्या समाजातील एका घराण्याने इतरांच्या मुलांसाठी प्रसूतिगृह बांधले, त्याच समाजाच्या स्वतःच्या पाळण्यांची संख्या घटत गेली, यातून दोन निष्कर्ष निघतात. धर्माज्ञेने जन्म वाढत नाहीत, हा एक. आणि ज्यांचा वंश आटतो त्यांचे कर्तृत्व दुसऱ्यांच्या वंशांत जिवंत राहू शकते, हा दुसरा.

स्मरणाच्या धाग्याबाबत परंपरा अधिक उदार आहे. भीष्म निपुत्रिक गेला, आणि म्हणूनच माघ शुद्ध अष्टमीला त्याच्यासाठी तर्पण करणे हे सर्वांचेच काम ठरले. ज्याला एकही वारस नाही त्याला सगळेच वारस मिळाले. महाराष्ट्राने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या चौघांच्या मागे संतती नाही, ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती, आणि तरी हा समाज त्यांना ‘माउली’ म्हणतो. ज्याने मूल जन्माला घातले नाही त्याला आई म्हणणाऱ्या भाषेत मातृत्व आणि प्रसव यांची फारकत पूर्वीच झालेली आहे. विधींचा अधिकारही सरकतो आहे. पिंड आणि दाय, म्हणजे उत्तरक्रियेचा अधिकार आणि वारसा, यांचा संबंध धर्मशास्त्रात जवळचा होता. वडिलोपार्जित संपत्तीत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये दिला, आणि मुलीने अग्नी देणे ही आज शहरात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कायद्याने दिलेला दाय आधी आला आणि पिंड त्याच्या मागून आला.

भोईवाडा-परळचा विचार करताना आणखी एक उत्तर ध्यानात घ्यावे लागते. पोयबावडीच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले, आणि 1956 मध्ये नागपुरात त्यांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे या परिसरातील फार मोठ्या समूहासाठी पितृऋणाचा विधीरूप भाग संपलेलाच आहे. तरी आईवडिलांविषयीचे कर्तव्य संपत नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मुलांची कर्तव्ये सांगितली आहेत त्याच ठिकाणी आईवडिलांचीही सांगितली आहेत. नाते परस्परांचे आहे, जन्मतः डोक्यावर चढलेल्या देण्याचे नव्हे. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने नोव्हेंबर 1938 मध्ये मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला तो याच भूमिकेशी सुसंगत होता. ठराव फेटाळला गेला, पण प्रश्नाचा केंद्रबिंदू पितरांकडून आईच्या प्रकृतीकडे आणि घरातील दारिद्र्याकडे सरकला.

सेवेचा धागा मात्र परंपरेतही सर्वांत कच्चा आहे, कारण सेवा करणाऱ्याचे नावच ऋणाच्या हिशेबात नाही. ऋण मुलाचे आणि राबणे सुनेचे, असा हा व्यवहार शतकानुशतके चालला. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचे करणाऱ्या स्त्रीवर सासऱ्याच्या पितरांचे कोणतेही ऋण नव्हते आणि तिच्या स्वतःच्या आईवडिलांची सेवा तिच्या खात्यात कुठेच धरलेली नव्हती. जननदर घटण्याची कारणे शिक्षण, उशिराचे लग्न, घरांच्या किमती, नोकरी अशी अनेक आहेत. परंतु त्या सर्वांच्या तळाशी ज्या बाईच्या श्रमावर हा हिशेब जुळत होता तिने दिलेले उत्तरही आहे. मूल हे म्हातारपणाची सोय म्हणून जन्माला घालावे काय, असा नैतिक प्रश्न त्यामुळे दुहेरी होतो: अपत्याला साधन करणे योग्य काय, आणि त्या साधनासाठी त्याच्या आईला व पुढे त्याच्या पत्नीला साधन करणे योग्य काय.

अधिक मुले जन्माला घाला, हा उपाय आता उघडपणे सुचवला जाऊ लागला आहे. डिसेंबर 2024 मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी 2.1 च्या पातळीचा दाखला देऊन दोनहून अधिक, म्हणजे तीन, अपत्यांची आवश्यकता सांगितली. दुसरीकडे दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्यांना शासकीय नोकरीस अपात्र ठरवणारे महाराष्ट्राचे 2005 चे नियमही आहेत. जननदर फार खाली गेला तर अवलंबित्व गुणोत्तर, म्हणजे कमावत्या वयाच्या दर शंभर माणसांमागे असलेली मुले व वृद्ध यांची संख्या, पुढे असह्य होऊ शकते, ही चिंता खरी आहे; दक्षिण कोरियाचा दर 2023 मध्ये 0.72 पर्यंत घसरला, तो पैशाची आमिषे दाखवूनही सावरला नव्हता. तथापि उद्या जन्मणारे मूल कमावते होण्यास वीस-पंचवीस वर्षे लागतील, आणि ज्या वृद्धांचा प्रश्न आज आहे ते तोवर थांबू शकत नाहीत. जन्मलेल्यांची सोय न जन्मलेल्यांवर सोपवणे हे ऋण फेडणे नव्हे. ते फक्त पुढे ढकलणे आहे.

अशा वेळी तैत्तिरीय संहितेच्या शेजारी शतपथ ब्राह्मण ठेवून पाहावे लागते, कारण त्याने तीन ऋणांत चौथे मिळवले आहे: मनुष्यऋण. हे ऋण माणसांना आसरा आणि अन्न देऊन फिटते, असे ते सांगते. त्यात रक्ताच्या नात्याची अट नाही. गिरणगावाने हे ऋण त्याचे नाव न घेता फेडलेले आहे. गावाकडून आलेल्याला पथारीपुरती जागा देणारा गाळा हा आसरा होता, आणि खानावळ चालवणाऱ्या बायका हे अन्न. या बायकांची संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये उभे केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ याच व्यवहारातून आले. चाळीत मयत झाले की तिरडी बांधणारे, पुढे मडके धरणाऱ्याला सावरणारे आणि रात्री भजनाला बसणारे हे बहुधा घरचे नसत. चार खांदे एका घरातून क्वचितच निघत. मोठ्या कुटुंबांच्या काळातही ते आळीतूनच यायचे. या चित्राचे गोडवे गाताना सावध राहणे भाग आहे, कारण चाळींतही जातीच्या भिंती होत्या आणि कोणाचे खांदे कोणाला चालतील हे ठरलेले होते. पुनर्विकासानंतर उभ्या राहणाऱ्या इमारतींत त्या भिंतींपैकी काही पडतील. पण बंद दारांमुळे शेजारधर्मही पडेल, असा धोका आहे.

शेजारधर्म पुरेसा नाही, म्हणून कायदा आणि राज्यसंस्था येते. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याण कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली, आणि अपत्यहीन वृद्धाच्या बाबतीत ती त्याच्या संपत्तीचा वारस होणाऱ्या नातेवाइकावर टाकली. दाय घेईल त्याने भार घ्यावा, हे धर्मशास्त्राचे जुने सूत्र येथे नव्या भाषेत आले आहे. पण ज्याला मूल नाही आणि संपत्तीही नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. हे नाव ठेवणाऱ्याने जाणून ठेवले असो वा नसो, ते अचूक आहे. श्रावण एकटाच होता, कावडीत आईबाप दोन होते, आणि बाण एकाला लागला तेव्हा तिघेही गेले. एकाच खांद्यावरची सेवा किती नाजूक असते, ते ही कथा सांगते. वार्षिक उत्पन्न 21 हजार रुपयांच्या आत असलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या निराधाराला या योजनेतून 2023 पासून दरमहा 1500 रुपये मिळतात. राज्याने श्रावणाचे नाव घेतले आहे. कावड उचलण्याइतका खांदा पुढे केला आहे, असे या रकमेवरून म्हणता येत नाही.

तर्पणाच्या विधीत शेवटी एक लहानशी क्रिया असते, तिला वस्त्रनिष्पीडन म्हणतात. देव, ऋषी आणि पितर यांना ओंजळीने पाणी देऊन झाल्यावर कर्ता आपले ओले वस्त्र पिळतो, आणि त्यातून निथळणारे पाणी आपल्या कुळातील निपुत्रिक मृतांना दिले असे समजतो. ज्यांना कोणी नाही त्यांची आठवण ठेवणारा हा संकेत कनवाळू आहे, पण त्यांच्या वाट्याला येते ते ओंजळीतले पाणी नव्हे, अंगावर उरलेले असते. वृद्धांसाठी आजवर समाजाने जे केले ते बहुतांशी याच जातीचे होते: बाकीच्यांचे देऊन झाल्यावर जे उरले ते. निपुत्रिक आणि एकाकी वृद्ध थोडे होते तोवर एवढ्यावर भागले. एकेका अपत्याच्या या युगात ज्यांच्याजवळ कोणी नाही त्यांची गणना अपवादात करता येणार नाही, आणि त्यांना ओंजळीने पाणी द्यायचे तर ते क्रमात शेवटी ठेवून चालणार नाही. मनुष्यऋण हे चौथे म्हणून सांगितले गेले; ज्या वस्तीचे नावच दुसऱ्याचा भार वाहणाऱ्यांवरून पडले आहे, तिने ते पहिले मानावे, यात परंपरेचा भंग नाही.